वेड्यांच्या इस्पितळात राहिलेला संत



१२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई आणि संत झेली मार्टिन ह्या दांपत्याचा स्मृतिदिन पाळते. ही नावे ऐकून आपल्यापैकी अनेकांना चटकन ओळख पटणार नाही. परंतु त्यांची धाकटी मुलगी आपल्या घराघरांत पोहोचलेली आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले धरलेली, कार्मेल मठाच्या तपकिरी झग्यातील ती तरुण धर्मभगिनी, म्हणजे बाळ येशूची संत तेरेजा. लुई हे तिचे वडील.

लुई मार्टिन ह्यांचे चरित्र सांगताना आपण साधारणपणे काय सांगतो? घरात रोजची प्रार्थना होती, पाचही मुली मठात गेल्या, आणि शेवटी ते दीर्घ आजाराने वारले. तो दीर्घ आजार कोणता, हे सांगायची वेळ आली की आपला आवाज जरा खाली येतो. तो आजार मनाचा होता, मेंदूचा होता. ह्या संताने आयुष्यातील तीन वर्षे आणि तीन महिने मनोरुग्णांच्या इस्पितळात काढली. त्या काळच्या लोकांच्या भाषेत सांगायचे तर वेड्यांच्या इस्पितळात. आज आपण त्यांच्या जीवनाचा हाच भाग जरा सविस्तर पाहू या.

घड्याळजी

लुई ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरात झाला. वडील सैन्यात कप्तान होते, त्यामुळे लहानपण छावण्यांच्या गावांत गेले. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों ह्या गावी स्थायिक झाले. लुई ह्यांनी घड्याळ दुरुस्तीचे काम हाती घेतले. रेन, स्ट्रासबर्ग आणि पॅरिस येथे राहून ते ही कला शिकले. बारीक चाके, बारीक स्प्रिंगा, तासन् तास मान खाली घालून करायचे काम. त्यांच्या शांत आणि एकांतप्रिय स्वभावाला ते मानवले.

तरुणपणी त्यांच्या मनात व्रतस्थ होण्याची ओढ होती. १८४५ साली ते आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड मठात प्रवेश मागायला गेले. तेथील मठवासी बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना वाचवण्यासाठी प्रसिद्ध होते. लुईंना लॅटिन येत नव्हते, म्हणून आधी लॅटिन शिकून या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी शिकवणी लावली, पण तब्येत साथ देईना. शेवटी तो विचार सोडून ते पुन्हा घड्याळांकडे वळले आणि १८५० साली आलाँसोंमध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. पुढे तेथे दागिनेही ठेवू लागले. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद. आसपासच्या खेड्यांतील गिऱ्हाईक नेमके रविवारीच गावात येई, धंद्याचे नुकसान होई, मित्र समजावून सांगत. पण त्यांनी तो नियम मोडला नाही. फावल्या वेळात नदीवर गळ टाकून मासे पकडणे हा त्यांचा आवडता छंद, आणि पकडलेल्या माशांतील वाटा गावातील क्लारा मठातील भगिनींकडे जाई.

आलाँसों हे गाव नाजूक लेससाठी नावाजलेले. झेली गेरां ह्या तरुणीने तेथे लेसचा स्वतःचा व्यवसाय उभा केला होता. १८५८ साली दोघांची ओळख झाली आणि तीनच महिन्यांनी, १३ जुलैच्या मध्यरात्री, तेथील रिवाजाप्रमाणे देवळात त्यांचे लग्न लागले. लुई तेव्हा ३४ वर्षांचे होते, झेली २६ वर्षांची.

पाच मुलींचा बाप

त्यांना नऊ मुले झाली. त्यांतील दोन मुलगे आणि दोन मुली लहानपणीच गेल्या. उरल्या मारी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि १८७३ च्या जानेवारीत जन्मलेली तेरेजा. झेलीचा धंदा वाढला तसे लुईंनी १८७० साली आपले दुकान भाच्याला विकले आणि ते बायकोच्या कामात हातभार लावू लागले. त्या काळी पुरुषाने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. तिचे वय अवघे ४५. लुई ५४ वर्षांचे होते आणि तेरेजा साडेचार वर्षांची. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून त्यांनी स्वतःचे मित्र, बाग, नदी सारे सोडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते लिझ्यू ह्या गावी राहायला आले. झेलीचा भाऊ इझिदोर गेरां तेथे औषधांचे दुकान चालवत असे. ले ब्यूसोने नावाच्या त्या घरात बाप आणि पाच मुली राहू लागल्या.

हे घर सुखी होते, तसे नाजूकही होते. लिओनी लहानपणापासून हट्टी, अस्थिर. शाळेने तिला परत पाठवलेले. तेरेजा आईच्या मृत्यूनंतर अतिशय हळवी झालेली, जरा काही झाले की रडायची. १८८३ साली, दहा वर्षांची असताना, तिला एक विचित्र आजार जडला. अंग थरथरे, भास होत, ती घाबरून किंचाळे. डॉक्टरांना नीट निदान करता येईना. मे महिन्यात पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी, मरियामातेच्या पुतळ्याकडे पाहत असताना ती बरी झाली, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. मनाचे दुखणे ह्या कुटुंबाला अनोळखी नव्हते. तरीही कोणी ह्या मुलींना टाकाऊ ठरवले नाही, बापाने तर नाहीच.

एकेक मुलगी घर सोडून जाऊ लागली. १८८२ साली पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली, १८८६ साली मारी. १८८७ च्या पवित्र आत्म्याच्या सणाला संध्याकाळी बागेत तेरेजाने वडिलांकडे मठात जाण्याची परवानगी मागितली. ती १४ वर्षांची होती आणि ती त्यांची सर्वांत लाडकी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी नकार दिला नाही. भिंतीतून उगवलेले एक लहानसे पांढरे फूल त्यांनी मुळासकट उपटून तिच्या हातात दिले. तेरेजाने ते आयुष्यभर जपले. ९ एप्रिल १८८८ रोजी ती कार्मेल मठात दाखल झाली.

ह्याआधी, १ मे १८८७ रोजी, लुईंना पक्षाघाताचा पहिला झटका येऊन गेला होता. त्यातून ते सावरले, मुलींना घेऊन रोमची यात्राही करून आले. पण आजाराने घरात पाऊल टाकले होते.

चार दिवस बेपत्ता

२३ जून १८८८ रोजी लुई मार्टिन घरातून नाहीसे झाले. कोणाला काही सांगितले नाही, चिठ्ठी नाही. ल हाव्र ह्या बंदरातून त्यांची पैसे मागणारी तार आली, तेव्हा कुठे त्यांचा माग लागला. सेलीन मामाला घेऊन तेथे धावली आणि चौथ्या दिवशी ते सापडले. कोठे तरी दूर एकांतात जाऊन संन्याशासारखे राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना त्या चार दिवसांचा अर्थ सांगावा लागणार नाही. रस्त्याकडे लागलेले डोळे, नातेवाइकांना विचारावे की न विचारावे ही घालमेल, आणि माणूस सापडल्यावर आनंदाच्या पाठोपाठ येणारी भीती, की हे पुन्हा होणार. आणि ते पुन्हा झाले. विसर पडू लागला, भास होऊ लागले. मध्येच काही दिवस अगदी पूर्वीसारखे जात, आणि घरच्यांना वाटे की संकट टळले.

१० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाचा वस्त्रग्रहण विधी होता. लुई त्या दिवशी बरे होते. मुलीचा हात धरून ते तिला देवळात घेऊन गेले. तेरेजाला बर्फ फार आवडे आणि त्या दिवशी मठाचे अंगण बर्फाने पांढरे झाले होते. हा त्यांच्या आयुष्यातील शेवटचा मोठा आनंदाचा दिवस ठरला.

त्यानंतर महिन्याभरातच भास तीव्र झाले. आपल्या घराबाहेर लढाई पेटली आहे, तोफा धडधडत आहेत, ढोल वाजत आहेत, असे त्यांना दिसू-ऐकू येऊ लागले. लष्करी छावणीत वाढलेल्या त्या माणसाने आपल्या मुलींच्या रक्षणासाठी पिस्तूल हातात घेतले. घरात दोन मुली आणि नोकर माणसे. इझिदोर मामांनी निर्णय घेतला. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी लुईंना सुमारे ५० किलोमीटर दूर असलेल्या काँ शहरातील बाँ सोव्हर ह्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. तेव्हा त्यांचे वय ६५ होते.

इस्पितळातील दिवस

बाँ सोव्हर म्हणजे उत्तम तारणारा. त्याच नावाच्या संघाच्या धर्मभगिनी हे इस्पितळ चालवत. फ्रान्समध्ये १८३८ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने मनोरुग्णांची सोय करणे बंधनकारक केले होते. त्यामुळे असे रुग्ण तुरुंगात किंवा रस्त्यावर न राहता इस्पितळात येऊ लागले होते. परंतु औषध म्हणावे असे काही नव्हते. मनाच्या गंभीर आजारांवरील पहिली प्रभावी औषधे यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १८८९ साली विश्रांती, स्नान, देखरेख आणि कुलूपबंद दरवाजा एवढाच उपचार होता.

लुईंचा आजार मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत गेल्यामुळे आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या झटक्यांमुळे झाला होता. आज अशा आजाराला डॉक्टर व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. पाप, शाप, करणी, कोणाची नजर ह्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. आजारपणाच्या आधी त्यांनी प्रार्थनेत स्वतःला दुःखासाठी देवाला वाहिले होते, हे खरे आहे. पण देवाने त्याची परतफेड म्हणून आजार पाठवला, असा हिशेब कोणी मांडू नये. त्यांचे अर्पण त्यांच्या प्रेमाचे होते; आजार रक्तवाहिन्यांचा होता. प्रेमाने त्या आजाराला अर्थ दिला, आजार निर्माण केला नाही.

ढग मधूनमधून विरत. तेव्हा लुईंना आपण कोठे आहोत हे पूर्णपणे कळत असे. आपल्या आजाराची ही बाजू आपण नेहमी विसरतो. असा रुग्ण सतत भानाबाहेर नसतो. त्याला अपमान कळतो, एकटेपण कळते, दाराला लागलेली कडी ऐकू येते. अशा एका घडीला त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते की आजवर मी हुकूम देत आलो, आता आज्ञा पाळायला शिकत आहे; आयुष्यात कधी मानहानी झाली नव्हती, ती एक गोष्ट उरली होती. ते इस्पितळातील प्रार्थनालयात जात, शक्य असेल तेव्हा ख्रिस्तप्रसाद घेत, आणि त्यांच्यासाठी आणलेला खाऊ इतर रुग्णांना वाटून टाकत.

१८ जून १८८९ रोजी त्यांच्याकडून एका कागदावर सही घेण्यात आली. आपल्या मालमत्तेचा कारभार त्यांनी सोडून द्यावा, असा तो कागद होता. व्यवहाराच्या दृष्टीने ते आवश्यक असेल. पण त्या दिवशी त्यांचे मन जागे होते, आणि आपल्या मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही, असे वाटून त्यांना फार दुःख झाले.

गावातली कुजबुज

लिझ्यू लहान गाव. मार्टिन कुटुंब प्रतिष्ठित. बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक बोलू लागले की मुलींनीच बापाला ह्या दशेला आणले. एकामागून एक मठात निघून गेल्या. आणि त्या धाकटीने तर कहर केला, तिच्या विरहानेच म्हाताऱ्याचे डोके फिरले. ही कुजबुज मठाच्या भिंतींच्या आतही पोहोचली. तेरेजा तेव्हा १६ वर्षांची होती. ज्या वडिलांनी तिला फूल देऊन निरोप दिला, त्यांच्या आजाराचे खापर तिच्याच माथी फोडले गेले.

माणसाची ही जुनी खोड आहे. हाड मोडले तर आपण दोषी शोधत नाही, प्लास्टर घालतो. मन मोडले की आधी दोषी शोधतो. सुनेने केले, सासूने केले, आईने लाडावून ठेवले, अभ्यासाचा ताण दिला, प्रेमभंग झाला. कधी कधी परिस्थितीचा हातभार असतोही. पण दोष ठरवल्याने रुग्ण बरा होत नाही, आणि आधीच कोसळलेल्या घरावर आणखी एक ओझे पडते.

ह्या मुलींनी काय केले ते पाहा. त्यांनी लपवले नाही. १९ वर्षांची सेलीन आणि २५ वर्षांची लिओनी बिऱ्हाड घेऊन काँ शहरातच राहायला गेल्या. तेथे संत विन्सेंट दि पॉल ह्यांच्या भगिनींच्या अनाथालयात त्यांना जागा मिळाली. वडिलांना आठवड्यातून एकदाच भेटायची मुभा होती, तरी त्या रोज इस्पितळाच्या दारात जाऊन चौकशी करत. असे त्यांनी सुमारे तीन महिने काढले. नंतर मामांकडे परत आल्यावरही भेटी चालूच राहिल्या. मठातील तिघी बहिणींना बाहेर पडता येत नव्हते. सेलीनच्या पत्रांतून त्या वडिलांना पाहत होत्या.

तेरेजाला त्या दिवसांत एक जुनी गोष्ट आठवत असे. सहा-सात वर्षांची असताना, वडील परगावी गेलेले असताना, तिने भर दुपारी बागेत त्यांच्यासारखा एक माणूस चालताना पाहिला होता. त्याचे डोके कपड्याने झाकलेले होते. बहिणींनी शोध घेतला, कोणीच नव्हते. आता तिला त्याचा अर्थ लागला. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन, ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत, ते ती वाचत असे आणि तिला त्यात ख्रिस्ताचा चेहरा दिसे, आणि ख्रिस्ताच्या चेहऱ्यात वडिलांचा. वस्त्रग्रहणाच्या दिवशी तिने आपल्या नावाला पवित्र मुखाची असे जोडून घेतले होते. पुढे आत्मचरित्र लिहिताना तिने ह्या तीन वर्षांना कुटुंबाची सर्वांत मौल्यवान वर्षे म्हटले. लक्षात घ्या, तिने ती वर्षे सुखाची म्हटली नाहीत. दुःख तिला ठाऊक होते. पण ती त्यांची लाज बाळगत नव्हती. १८९८ साली, तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, तिचे आत्मचरित्र छापून निघाले आणि पुढे जगभर गेले.

घरी परत

पाय पूर्णपणे लुळे पडल्यावर लुई कोठे निघून जाण्याची भीती उरली नाही. १० मे १८९२ रोजी त्यांना लिझ्यूला परत आणण्यात आले. दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठाच्या भेटीच्या खोलीत नेले. तिन्ही मुलींनी त्यांना तीन वर्षांनंतर पाहिले, आणि ते शेवटचे. बोलणे जवळजवळ थांबले होते. निघताना त्यांनी एक बोट वर केले आणि आपण तेथे, स्वर्गात भेटू, एवढे सुचवले.

पुढची दोन वर्षे सेलीनने त्यांची सेवा केली. भरवणे, उचलणे, पुसणे, रात्री उठणे. तिलाही मठात जायचे होते; तिने ते लांबवले. २९ जुलै १८९४ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, लुई मार्टिन शांतपणे देवाघरी गेले. सेलीन जवळ होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ती कार्मेल मठात दाखल झाली.

तेरेजा १९२५ साली संत झाली. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे लुई आणि झेली ह्यांना धन्य घोषित करण्यात आले, आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोम येथे दोघांना एकत्र संतपद बहाल केले. पतिपत्नीला एकाच विधीत संत म्हणून घोषित करण्याचा तो ऐतिहासिक प्रसंग होता. ख्रिस्तसभेने त्यांच्या आयुष्यातील इस्पितळाची तीन वर्षे वगळून बाकीच्या आयुष्याला संतपद दिले नाही. संपूर्ण माणसाला दिले.

बुद्धी झाकोळली तरी

येथे एक प्रश्न उभा राहतो, तो तत्त्वज्ञानाचा आहे आणि रोजच्या जगण्याचाही. माणूस बुद्धीमुळे माणूस आहे, असे आपण म्हणतो. मग बुद्धी झाकोळली तर माणूसपण कमी होते का? सहाव्या शतकात बोएथियस ह्यांनी व्यक्तीची व्याख्या केली आणि संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ती स्वीकारली. बुद्धिमान स्वभाव असलेले स्वतंत्र अस्तित्व म्हणजे व्यक्ती. त्यातील स्वभाव हा शब्द महत्त्वाचा आहे. झोपलेला माणूस विचार करत नाही, तान्हे बाळ हिशेब करत नाही, तरी ती व्यक्तीच आहे. बुद्धीचा वापर थांबला म्हणजे स्वभाव गेला असे नाही. झाकलेला दिवा विझलेला नसतो. पिस्तूल घेऊन दारात उभे राहिलेले लुई आणि तेरेजाला फूल देणारे लुई हे एकच लुई होते. आजारातही ते आपल्या मुलींचे रक्षणच करू पाहत होते.

म्हणून वेडा हा शब्द आपण जपून वापरू या. आपल्याकडे कोणाची थट्टा करायची तर ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा, असे सहज म्हटले जाते. त्या दोन्ही ठिकाणी आज रुग्ण उपचार घेत आहेत, त्यांचे आईबाप बसची वाट पाहत फाटकाबाहेर उभे आहेत. आपला विनोद त्यांच्या कानांवर पडतो.

आपल्या धर्मग्रामात

घरभेटीला गेल्यावर सर्व कुटुंब भेटते, पण कधी कधी आतल्या खोलीचे दार बंद असते. विचारले तर सांगतात की भाऊ झोपला आहे, ताईला बरे नाही. फादरांना सांगायचीही लाज वाटते, कारण बहिणीचे लग्न व्हायचे आहे, घराण्याचे नाव आहे. मधुमेहाची गोळी आपण जेवणाच्या टेबलावर ठेवतो. मनाच्या आजाराची गोळी कपाटात, साडीच्या घडीखाली. ही लपवाछपवी उपचार लांबवते, आणि उशीर झाला की आजार मुरतो.

काही जण डॉक्टरांच्या आधी भूत उतरवणाऱ्याकडे धावतात. ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत स्पष्ट आहे. मनाचे आजार हा वैद्यकशास्त्राचा प्रांत आहे, आणि भूतबाधेचा विचार करण्याआधी आजार नाही ना, ह्याची खात्री करून घेणे बंधनकारक आहे. प्रार्थना जरूर करावी, रुग्णाभ्यंग संस्कारही द्यावा. तो संस्कार मनाने गंभीर आजारी असलेल्यांसाठीही आहे. पण प्रार्थना चालू आहे म्हणून गोळी बंद करू नये. लुईंच्या घरी जपमाळही होती आणि डॉक्टरही होते.

इस्पितळात ठेवावे लागले म्हणून स्वतःला अपराधी समजू नका. इझिदोर मामांनी जो निर्णय घेतला, तो प्रेमाविरुद्ध नव्हता. टाकून देणे म्हणजे इस्पितळात ठेवणे नव्हे. टाकून देणे म्हणजे पुन्हा तेथे न जाणे. आणि जो घरी सेवा करतो आहे, त्या सेलीनचीही आठवण ठेवा. तिला एक दुपार मोकळी मिळावी म्हणून शेजाऱ्याने येऊन बसणे, ही मोठी दया आहे.

आयुष्य नकोसे वाटण्याचे विचार श्रद्धावंतांनाही येतात. स्वतः तेरेजाने १८९७ साली क्षयाच्या शेवटच्या वेदनांत बहिणीला सावध केले होते की असह्य दुखणे असलेल्या माणसाजवळ विषारी औषधे ठेवू नका. संत असूनही तिने ते बोलून दाखवले. बोलण्यात कमीपणा मानला नाही. तुमच्या मनात असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा, माझ्या दारावर केव्हाही थाप मारा. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला उपचाराचा आणि सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क दिला आहे, आणि आरोग्य विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकेच स्थान द्यावे असे सांगितले आहे.

१२ जुलैला आपण दांपत्यांसाठी प्रार्थना करूच. पुढच्या रविवारपासून मिस्सामध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना मनाने आजारी असलेल्यांचाही स्पष्ट उल्लेख होईल. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे आणि ज्यांना ख्रिस्तप्रसाद घरी हवा आहे, त्यांनी निःसंकोच नाव कळवावे. भेट त्याच्याच खोलीत, त्याच्याच खाटेजवळ होईल.

संत लुई मार्टिन, काँ येथील इस्पितळात तुमच्याबरोबर राहिलेल्या सर्वांसाठी आणि आमच्या घरांतील बंद खोल्यांत राहणाऱ्या सर्वांसाठी विनंती करा.

तुमचा धर्मगुरू